खांदे खाली घ्या

‘रिलॅक्स’ हा शब्द कानावर पडला की माझे खांदे वर जातात. आजवर ज्यांनी ज्यांनी मला तो ऐकवला, त्यांच्या हातात त्या वेळी काही ना काही असायचं. दातांच्या डॉक्टरांच्या हातात पकड होती, रक्त घ्यायला आलेल्या मुलाच्या हातात सुई होती. गाडी शिकवणाऱ्या सरांच्या हातात मात्र काहीच नव्हतं, कारण स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि समोरून एसटी येत होती. सर डोळे मिटून ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ म्हणत होते. ते मला उद्देशून होतं की स्वतःला, हे विचारायचं राहून गेलं.

त्यातून आमचं घराणं काळजीवाहू. सरकारं काळजीवाहू असतात ती चार-सहा महिने; आम्ही तीन पिढ्या त्या पदावर आहोत. आजोबा गाडीच्या दोन तास आधी स्टँडवर जाऊन बसायचे आणि त्याआधीची गाडी डोळ्यांदेखत सुटली की हळहळायचे. आत्याचा फोन वाजला की ती आधी देवाला हात जोडते, मग फोन उचलते, आणि पलीकडून बँकेचं कर्ज हवंय का म्हणून विचारलं की तिचा जीव भांड्यात पडतो. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला गॅसचं बटण आणि दाराचं कुलूप आलं. घरातून निघताना गॅस बंद आहे ना ते पाहायचं, कुलूप लावायचं, ओढायचं, जिना उतरायचा, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. एकदा इतक्या निष्ठेने ओढलं की कोयंडाच हातात आला आणि सुतार मिळेपर्यंत घर सताड उघडं राहिलं.

शिवाय नखं. आमच्या घरी नेलकटर आहे, पण ते पाहुण्यांसाठी. या सवयीवर अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक उपाय सांगितला: हात तोंडाकडे निघाला की त्याला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळून थोडा वेळ तशीच धरून ठेवायची. उपाय चांगला आहे, अनेकांना गुण येतो. पण तो डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये करून पाहिलेला दिसत नाही. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलो होतो, नखाची आठवण झाली, म्हणून दोन्ही मुठी आवळून समोर एकटक बघत बसलो. शेजारचा गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘भाऊ, सरकतो ना, त्यात काय एवढं!’ आणि खरोखर सरकला. आयुष्यात प्रथमच मी चौथ्या सीटवर पूर्ण बसलो. तेव्हापासून मुठी मी रोज आवळतो. नखांचं मात्र तसंच चालू आहे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं. टेन्शन मी घेत नाही, ते घरपोच येतं, हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी चिठ्ठीवर ठाण्याच्या एका संमोहनतज्ज्ञांचा पत्ता लिहून दिला.

‘अहो, ते तुमच्याकडून एटीएमचा पिन काढून घेतील,’ बायको म्हणाली.

‘तो मला शुद्धीतसुद्धा आठवत नाही.’

‘म्हणूनच म्हणते. मी बरोबर येते. आठवला तर लिहून घेईन.’

संमोहन म्हटलं की आमच्या पिढीला शाळेच्या गॅदरिंगमधला काळ्या कोटातला जादूगार आठवतो. आमच्या शाळेत आलेल्या जादूगाराने चित्रकलेच्या सरांना सफरचंद म्हणून कांदा खायला लावला होता. सरांनी तो मिटक्या मारत खाल्ला. सरांवर खरंच भूल पडली होती की महिनाअखेर होती, यावर पुढे वर्षभर वर्गात दोन तट होते. ठाण्याचे संमोहनतज्ज्ञ मात्र बुशशर्टातले, मवाळ, चष्मा रुमालाने पुसत बोलणारे निघाले. माझी अर्धी भीती तिथेच गेली आणि अर्धी फीसुद्धा वसूल झाल्यासारखं वाटलं.

‘काय त्रास होतो?’

‘गॅस.’

‘किती वर्षं?’

‘लग्न झाल्यापासून.’

‘जेवणानंतर वाढतो?’

‘घराबाहेर पडताना वाढतो. जिन्यात तर फारच.’

ते खूश झाले. पोटाच्या तक्रारींवर संमोहन उत्तम लागू पडतं म्हणाले. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तसे प्रयोग छापले होते. ज्यांची आतडी कोणत्याही औषधाला दाद देत नव्हती अशा रुग्णांना संमोहनाने स्पष्ट आराम पडला होता. हे सगळं खरं आहे आणि मी ते लक्ष देऊन ऐकत होतो, पण बायकोने मध्येच ‘अहो, पोटातला नव्हे, सिलिंडरचा!’ असं सांगून मँचेस्टरचा विषय संपवला.

मग मला एका ऐसपैस खुर्चीत मागे रेलवलं, दिवे मंद झाले आणि तो आवाज सुरू झाला. खालच्या पट्टीतला, ना चढणारा ना उतरणारा. ‘तुम्ही एका शांत समुद्रकिनाऱ्यावर आहात. पायांखाली मऊ वाळू आहे...’ मी आज्ञाधारकपणे किनाऱ्यावर गेलो. पण वाळू पायांना लागते म्हणजे चपला काढलेल्या आहेत. कुठे काढल्या? त्यांच्याकडे कोण बघतंय? लाट कुठवर येते ते कुणाला विचारलं का? मी मनातल्या मनात चपला उचलून हातात घेतल्या. ‘आता तुमच्यासमोर दहा पायऱ्या आहेत. एकेक पायरी उतरताना तुम्ही अधिकाधिक शिथिल होत जाल.’ चौथ्या पायरीपर्यंत उतरलो आणि लक्षात आलं की हे सगळं परत चढायचं आहे. गुडघा तिथेच बोलायला लागला. ‘तुमच्या डाव्या मनगटाला हेलियमचे फुगे बांधले आहेत. हात हलका होतोय... आपोआप वर जातोय...’ हात खुर्चीवरून तसूभरही हलला नाही. मी त्याची मनधरणी केली. इतके सांगताहेत तर उचल थोडा, असंही म्हटलं. पण हात आमच्याच घराण्यातला. वर गेल्यावर पंख्याला लागेल, या धास्तीने तो खुर्चीला अधिकच चिकटला.

डोळे उघडले तेव्हा खोलीत घोरण्याचा आवाज येत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत बायको गाढ झोपली होती आणि तिचा डावा हात हवेत होता.

संमोहनतज्ज्ञांनी मला समजावलं की यात कमीपणा काही नाही, माणसामाणसाची ग्रहणक्षमता वेगळी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ साली ती मोजण्याची बारा गुणांची परीक्षाच तयार केली. मी लगेच विचारलं, पास व्हायला किती लागतात? त्यांनी हसून विषय बदलला, यावरून मी काय ते समजलो. मात्र निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. ‘लोकांना वाटतं संमोहन मी करतो. मी फक्त बोलतो. जे काही होतं ते तुम्ही करता. तुम्ही ठरवलंत तर होतं.’ फी मग त्यांनी कशाची घेतली, हा प्रश्न मी जिन्यात विचारला. बायको काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर अपार शांती होती. त्या दिवसापासून तिने ‘गॅस बंद केलात ना?’ असं विचारणंच सोडून दिलं आहे. उपचार लागू पडला, पण चुकीच्या माणसाला. आता तिच्या वाट्याची काळजीही मलाच करावी लागते.

‘जे होतं ते तुम्ही करता’ हे वाक्य मूळचं आपल्या शेजारच्या माणसाचं आहे, हे मला नंतर कळलं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे: झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कोसळते आहे. गोव्याच्या सहलीत प्रत्येक मराठी कुटुंबाचा तिथे फोटो निघतो आणि प्रत्येक कुटुंबातलं एक तरी मूल विचारतं, ‘बाबा, तो त्या बाईला का ढकलतोय?’ तो आबे फारिया. जन्म १७५६, बार्देशातल्या कांदोळीचा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, पुतळ्याचं साल १९४५. दुमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये तुरुंगात भुयार खणणारा म्हातारा पाद्री आहे, त्याचं नाव यांच्यावरूनच आलं. एवढं सगळं असून आपण मात्र फोटो काढून फेणीच्या चौकशीला लागतो.

फारियांची एक आख्यायिका सांगतात. वडील त्यांना घेऊन लिस्बनला गेले होते. पुढे एकदा पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायची पाळी आली. समोर सगळा दरबार, भरजरी कपडे. तरुण फारिया उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तेव्हा व्यासपीठाच्या खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच सांगितलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि पोराची जीभ मोकळी झाली. राणीसमोर कुणी ‘रिलॅक्स’ म्हणालं असतं तर त्यांचे खांदे माझ्यासारखेच वर गेले असते, याबद्दल मला शंका नाही. एका वाक्याने माणसाच्या आत एवढी उलथापालथ कशी होते, हा प्रश्न फारियांच्या मनात तिथून राहिला म्हणतात.

त्या काळी युरोपात मेस्मर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा बोलबाला होता. सगळ्या सृष्टीत एक चुंबकीय द्रव वाहतो, तो आपण रुग्णात सोडतो, असा त्यांचा दावा. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या चेल्याने एका जर्दाळूच्या झाडात तो द्रव भरला आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडाजवळ नेलं. पोरगा चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. चौथं झाड वेगळंच होतं. समितीने लिहिलं, द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनेची करामत. तिथे विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. एखाद्या समितीला एखाद्या विषयात ‘काही नाही’ असं आढळलं की तो विषय तिथेच मिटतो, हा अनुभव आपल्यालाही आहे. पण फारियांनी उलटा प्रश्न विचारला: द्रव नसताना पोरगा पडला, तर ही कल्पना केवढी ताकदवान असली पाहिजे! १८१३ पासून ते पॅरिसमध्ये पाच फ्रँक प्रवेशमूल्य ठेवून प्रयोग करू लागले. हातवारे नाहीत, लोहचुंबक नाही. माणसाला बसवायचं, मन एकाग्र करायला सांगायचं आणि एकदम हुकूम सोडायचा: ‘झोपा!’ माणसं झोपत. माझ्यात कसली शक्ती नाही, झोपणारा स्वतः झोपतो, हे ते बजावून सांगत. लोकांना हे आवडलं नाही. पाच फ्रँक देऊन ‘सगळं तुमच्यातच आहे’ हे कोण ऐकून घेईल? एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्यांची भर सभेत फजिती केली, त्यांच्यावर प्रहसन निघालं, आणि १८१९ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले.

त्यानंतर मँचेस्टरला ब्रेड नावाचे स्कॉटिश शल्यवैद्य निघाले. हिप्नॉटिझम हे नाव त्यांनी रूढ केलं. (मँचेस्टर पुन्हा आलं, याला माझा इलाज नाही.) त्यांचं म्हणणं, एका वस्तूकडे टक लावून बघत राहिलं की डोळे थकतात आणि मन एकाच जागी अडकून बसतं, बाकी जादू नाही. त्यांनी एका मित्राला बाटलीच्या गळ्याकडे बघायला बसवलं आणि खुद्द पत्नीला साखरेच्या भांड्यावरच्या नक्षीकडे. दोघांचेही डोळे थोड्याच वेळात मिटले. म्हणजे औषध कोणतं? कंटाळा. मन लावून, शिस्तीत, एका सुरात केलेला कंटाळा. हे वाचून मी साखरेच्या डब्याकडे बघत बसलो. डब्यावर मुंग्या होत्या. कुठून येतात याचा माग काढत मी खिडकीपर्यंत गेलो आणि त्या आठवड्यात घरात एक नवीन काळजी सामील झाली.

मग इतर उपाय केले. शिकागोच्या डॉ. जेकबसन यांची पद्धत १९२९ पासून पुस्तकात आहे: एकेक स्नायू आधी ताणायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण कुठे आहे ते शरीराला कळतं. ताणण्याचा भाग मला पहिल्याच दिवशी उत्तम जमला. सोडण्याचा अजून सुरू आहे. शवासनही केलं. त्याला तर आपल्या मुंबईचाच आधार आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना रोज शवासन करायला लावलं आणि निष्कर्ष १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’त प्रसिद्ध केले, बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी झाल्या. मी दिवाणखान्यात चटई टाकली, हातपाय सैल सोडले, श्वासाकडे लक्ष दिलं आणि खरं सांगतो, पाच मिनिटं बरं वाटलं. तेवढ्यात आई आली. ‘दक्षिणेला पाय करून काय पडलायस? ऊठ मेल्या!’ शवासनातल्या माणसाला याहून अचूक हाक कुणी मारली नसेल.

एवढ्यावर मी हा नाद सोडला असता. पण आमच्या सोसायटीच्या कमिटीला माझ्या प्रयोगांची कुणकुण लागली आणि गच्चीवर सामुदायिक योगनिद्रेचं शिबिर ठरलं. मी खजिनदार, त्यामुळे चटयांचं भाडं, प्रशिक्षकांचं मानधन आणि नंतरचे बटाटेवडे माझ्याकडे. सगळी बिल्डिंग आडवी झाली. ‘उजव्या पायाचा अंगठा शिथिल होत आहे... दुसरं बोट शिथिल होत आहे...’ कुठेतरी करंगळीच्या आसपास अर्ध्या लोकांचं घोरणं सुरू झालं आणि बाकीच्या अर्ध्यांना वड्यांचा वास येऊ लागला. दुसऱ्या मजल्यावरचे काका तेवढे उताणे पडून टक्क डोळ्यांनी पाण्याच्या टाकीचा गळका पाइप बघत होते. मी जागाच होतो, म्हणून मला दिसलं.

सप्टेंबर उजाडला. तीस तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, आणि तीत जमाखर्च वाचतो तो खजिनदार. कुलूप आणि गॅस परवडला, पण ही सभा नको. आदल्या रात्री मी नखं संपवली. सकाळी सभागृहात माईकसमोर उभा राहिलो आणि घशातून आवाज निघेना. समोर सगळे सभासद, पहिल्याच रांगेत दुसऱ्या मजल्यावरचे काका, हातात अहवाल, खिशात लाल पेन. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, पूर्ण निर्विकार: ‘अहो, भाजी.’

मी नीट पाहिलं. अध्यक्ष दुधी होते, यात वाद नव्हता. सेक्रेटरी शेवग्याची शेंग. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा, एक कारलं आणि एक पडवळ, शेजारी शेजारी आणि परस्परांकडे पाठ. माझे खांदे आपोआप खाली आले. मी पान एक उघडलं आणि कातरायला सुरुवात केली. देखभाल शुल्क, थकबाकी, थकबाकीवरचं व्याज, सिंकिंग फंड, लिफ्ट दुरुस्ती, पंप दुरुस्ती, पंपाच्या दुरुस्तीची दुरुस्ती. माझा आवाज खालच्या पट्टीत गेला, चढेना, उतरेना. पान दोनवर मालमत्ता कराच्या सुमारास दुधीची मान छातीवर आली. पाणीपट्टीला शेवग्याची शेंग भिंतीला टेकली. जावांनी एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवली, हे त्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून पहिल्यांदा घडत होतं. मला कसलीही भीती वाटत नव्हती. मी शेवटच्या रकान्यापर्यंत आलो आणि त्याच सुरात म्हणालो, ‘जमाखर्च मंजूर असल्यास... सभासदांनी... हात... वर... करावेत.’

हात वर गेले. सावकाश, मनगटापासून सैल, डोळे मिटलेल्या माणसांचे डावे-उजवे हात एकामागून एक तरंगत वर आले. ठाण्याच्या संमोहनतज्ज्ञांनी ते पाहायला हवं होतं. बाराच्या बारा गुण दिले असते.

एक हात तेवढा खाली होता. त्यात लाल पेन होतं.

‘पान तीन,’ काका म्हणाले. ‘किरकोळ खर्चात ही रक्कम कसली?’

‘योगनिद्रेचं मानधन,’ मी म्हणालो.

‘मला काहीही झालं नाही. माझ्या वाट्याचे परत करा. वड्याचे धरू नका, वडा खाल्लाय.’